भिंतीवरची पंधरा मिनिटं

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे असायचं. वडील फोर्टातल्या एका कचेरीत होते आणि विरारची सकाळची ठरलेली गाडी चुकली की त्यांच्या हजेरीवर लाल शाई पडायची, म्हणून त्यांनीच ते पुढे करून ठेवलं होतं. मनवेलपाड्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये बहुतेक घरांची घड्याळं अशी पुढेच असत, कुणाचं पाच मिनिटं, कुणाचं दहा. शेजाऱ्याला वेळ विचारली की तो आधी घड्याळाकडे बघे, मग छताकडे, आणि मग सांगे. ही वजाबाकी आम्हा भावांना शाळेत जायच्या आधीपासून यायची. वडील गेले तरी घड्याळ पुढेच राहिलं. "त्येंनी लावल्यालं हाय, ऱ्हाऊ द्या," असं आई म्हणायची. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, आणि आईची भाषा तीस वर्षं विरारात राहूनही तिकडचीच राहिली होती.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. मुंबईतल्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचं काम करायचा. साठ-सत्तर मशीन एकमेकांना जोडलेली, त्यातलं एखादं बंद पडलं की दादाला हाक. मग कंपनीने तो सगळा विभागच बंद केला. त्या दिवशी तो दुपारीच घरी आला, मनगटावरचं घड्याळ काढून कपाटात ठेवलं आणि म्हणाला, "आता कामावर रुजू झालो की घालीन." तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. लग्न झालेलं नव्हतं, आणि आता ते होण्याची आशा आईनेही सोडली होती.

पहिलं वर्ष अर्ज करण्यात गेलं. मुलाखतीला बोलावत आणि समोर पंचविशीची पोरं बसलेली असत. दुसऱ्या वर्षी बोलावणंही बंद झालं. तिसऱ्या वर्षी त्याने कुठून तरी तीन जुनी मशीन आणली. कंपन्या नवं घेताना जुनं टाकून देतात, त्यातली. एक हॉलमध्ये, एक आतल्या खोलीत आणि एक स्वयंपाकघराच्या दाराशी, आईच्या डब्यांच्या शेजारी. भिंतीच्या कडेने निळ्या वायरी टाकून त्याने ती जोडली. आईने त्यांची नावं ठेवली थोरला, मधला आणि धाकटा. "धाकट्याला जरा सरकव, मला पीठ काढायचं हाय," असं ती म्हणे.

या तिघांना करायला काम काहीच नव्हतं. दादाने त्यांना एकच काम लावलं, ते म्हणजे एकच वेळ दाखवणं.

हे ऐकायला जितकं सोपं वाटतं तितकं ते नाही, एवढं मला कळलं, तेही अर्धवट लक्ष देऊन. कॉम्प्युटरच्या आत एक छोटं घड्याळ असतं, बटनासारख्या गोल सेलवर चालणारं. मशीन बंद असलं तरी ते चालू राहतं. पण हे घड्याळ हलकं असतं. आमचा थोरला दिवसाला चार सेकंद मागे पडे, मधला नऊ सेकंद पुढे धावे, आणि धाकट्याचा सेलच मेलेला होता. वीज गेली की तो उठून थेट एकोणीसशे ऐंशी सालच्या एक जानेवारीला जाऊन बसे. आणि वीज तर रोजच जायची. वसई-विरारमध्ये त्या वर्षांत लोडशेडिंगचं वेळापत्रक पंचांगासारखं भिंतीला लावलेलं असे.

दर रविवारी दादा फोनच्या वायरीवरून इंटरनेट लावायचा. तो किर्र आवाज झाला की कुठल्या तरी दूरच्या मशीनकडून थोरल्याला खरी वेळ मिळे. मग मधला आणि धाकटा थोरल्याला विचारत. दादा मला समजावून सांगायचा, "हे बघ, हा विचारतो, तो सांगतो. पण विचारणं पोचायला वेळ लागतो, उत्तर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ धरूनच उत्तर समजून घ्यायचं. आणि एका उत्तरावर विश्वास ठेवायचा नसतो. चार-चारदा विचारायचं."

"हं," मी म्हणायचो.

"आणि पुढे गेलेलं घड्याळ एकदम मागे ओढायचं नाही. त्याला जरा हळू चालवायचं. म्हणजे त्याला कळतही नाही, आणि ते वेळेवर येतं."

"हं."

मी माणिकपूरला एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होतो. दिवसभर दाखले, हजेरीपट, पालकांची भांडणं. घरी आल्यावर कुणी सेकंदांबद्दल बोलायला लागलं की माझं डोकं फिरायचं. सुरुवातीला मी वाद घालायचो. "अरे, पण कशासाठी? तिघांत चार सेकंदांचा फरक पडला तर कुणाचं काय अडतंय?" त्यावर तो नुसता तिन्ही पडद्यांकडे आळीपाळीने बघायचा. पुढे वाद घालणंही मी सोडलं. आईचं म्हणणं तर सरळ होतं, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." ती हे त्याच्यासमोरच म्हणायची आणि तोही हसायचा. शेवटी शेवटी घरात त्याचं कुणीच ऐकत नव्हतं. तो बोलायचा आणि आम्ही हुंकार द्यायचो. नळी फुंकिली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

आज मला वाटतं, तिन्ही मशीन एका वेळेवर आली की त्याला जरा बरं वाटत असणार. सगळं हातातून गेलं तरी एवढं एक अजून येतं, असं काहीसं. तेव्हा मला असं काही वाटलं नाही. तेव्हा मला फक्त त्याचा राग यायचा, आणि तो राग अंगावर घेऊन रोज सकाळी मी माणिकपूरला जायचो.

दादाचा एक जुना सहकारी जवळच्याच वटार गावचा होता. घरची केळीची आणि पानवेलींची वाडी, तरी हा नोकरीच करायचा. नोकरी सुटल्यावर दादाचे बाकीचे मित्र हळूहळू गळाले, पण हा वर्षातून दोन-तीनदा यायचा, आणि येताना कधी केळी, कधी आईसाठी विड्याची पानं आणायचा. एका रविवारी तो आला आणि दादाला म्हणाला, "अंधेरीला आमच्याकडे जागा निघालीय. सर्व्हर बघायचं काम. वयाचं काही नाही, साहेबाला मी बोललोय. फक्त लेखी परीक्षा पास हो. ती तर तू झोपेतही होशील."

पत्र आलं. परीक्षा गुरुवारी सकाळी नऊला. खाली लिहिलेलं होतं, नऊनंतर कुणालाही आत घेतलं जाणार नाही. दादाने ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. आई त्या आठवड्यात रोज देवापुढे जास्तीची वात लावत होती. मीसुद्धा, कबूल करतो, मनातल्या मनात त्याला डबा घेऊन निघालेला बघत होतो. तीन वर्षांनी घरात आशा आली होती, आणि आम्हाला तिच्याशी कसं वागायचं ते आठवत नव्हतं. आम्ही सगळेच जरा हळू आवाजात बोलत होतो.

बुधवारी संध्याकाळी मी कामावरून आलो आणि बाल्कनीत स्टुलावर पाय टाकून पेपर वाचत बसलो. दादा येऊन दारात उभा राहिला. काही तरी बोलला. मशीनबद्दलच असणार, असं धरून मी "हं" म्हटलं. तो आणखी काही बोलला. मी पुन्हा "हं" म्हटलं. "ऐकतोयस ना?" असं त्याने विचारलं, आणि त्यालाही मी "हं" म्हटलं. थोड्या वेळाने वीज गेली, पेपर दिसेना झाला आणि मी उठलो. आईची मालिका त्या दिवशी बुडाली.

गुरुवारी वीज जायची वेळ सकाळी सहा ते नऊ होती. दादा साडेपाचलाच उठला होता. तिन्ही मशीन लावून बघितली, सहाच्या ठोक्याला ती एकदम विझली. मग तो आतल्या खोलीत बूट पुसत बसला. ठरलेलं असं होतं की सातला घर सोडायचं, रिक्षाने स्टेशन, सात-बावीसची गाडी, आणि पावणेनऊच्या आत अंधेरीच्या त्या ऑफिसात.

मी हॉलमध्ये चहा घेत बसलो होतो. माझी शाळा साडेदहाची. मनगटावर अजून घड्याळ चढवलेलं नव्हतं. समोर भिंत होती.

"किती वाजले रे?" दादाने आतून विचारलं.

भिंतीवर सहा-पस्तीस झालेले. "सहा-वीस," मी म्हटलं.

तो दाढी करायला लागला. आई कांदा चिरत होती, पोहे करायचे होते. त्याने पोटभर खाऊन जावं अशी तिची इच्छा होती. थोड्या वेळाने न्हाणीघरातून, पाण्याच्या आवाजातून, पुन्हा हाक आली. "किती झाले?"

भिंतीवर सात. "पावणेसात. निवांत कर."

त्याने दोनदा विचारलं, दोनदा उत्तर मिळालं, दोन्ही उत्तरं एकमेकांशी जुळली. त्या सकाळी त्याला एवढं पुरेसं वाटलं.

तो बाहेर आला तेव्हा अंगात पांढरा शर्ट, पायात बूट, हातात पत्राची फाइल. इस्त्री आदल्या दिवशी करून ठेवलेली. खूप दिवसांनी तो मला मोठा भाऊ वाटला. आई तळहातावर घालायला दही घेऊन आली होती. मी हसून म्हटलं, "बरोब्बर सात. तू तर मशीनसारखाच निघालास."

त्याने भिंतीकडे बघितलं. तिथे सव्वासात वाजले होते. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

"ते बरोबर आहे," तो म्हणाला.

"काय?"

"घड्याळ. काल बरोबर केलं मी. सव्वासात वाजलेत."

"आरं, अजून पंधरा मिंटं हायेत की," आई म्हणाली. "ते पुढं आसतं."

"नाही आई. काल दुपारी मी काढून लावलं. आता नोकरीला जायचं तर घरातली वेळ खरी पाहिजे म्हणून."

"मग सांगायचं न्हाईस? मला कुणी सांगितलंच न्हाई!"

आणि तेव्हा, चहाचा कप हातात धरून, आदल्या संध्याकाळचं बाल्कनीच्या दारातलं बोलणं मला एखाद्या दुसऱ्याच माणसाच्या कानातून ऐकू आल्यासारखं ऐकू आलं. भिंतीवरचं घड्याळ बरोबर केलंय. आईला तू सांग, मी सांगितलं तर उखडेल. ऐकतोयस ना? शब्द कानावर पडलेले होते. इतका वेळ ते बाहेरच उभे होते.

दादा माझ्याकडे बघत होता. मी काहीतरी बोलेन म्हणून तो थांबला असावा. मी कप खाली ठेवला. मग तो आईकडे वळून म्हणाला, "माझंच चुकलं. सांगायला हवं होतं."

माझं नाव त्याने घेतलं नाही.

मी एकदम ओरडायला लागलो. ज्याची चूक तोच मोठ्याने ओरडतो, हे मी शाळेत पालकांच्या बाबतीत रोज बघत होतो. "चल, ऊठ, रिक्षा करू, पुढची गाडी पकड! सात-पस्तीसची मिळेल! अंधेरीला उतरून पळत जा!" तो खुर्चीवर बसला होता. मी त्याचा हात धरून ओढला. हात सैल होता. त्याने दुसऱ्या हाताने फाइल टेबलावर, थोरल्याच्या विझलेल्या पडद्यापुढे ठेवली, आणि खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागला.

"अरे, मिळेल गाडी!"

"नऊ वाजून जातील," तो म्हणाला. "नऊनंतर घेत नाहीत."

"पाच मिनिटांनी काय होतंय?"

त्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर रागही नव्हता. "पाच मिनिटांनीच होतं," तो म्हणाला. आणि दुसरी नाडी सोडली.

आईच्या हातातलं दही तसंच होतं. शेवटी तिने ते पोह्यांवर घातलं आणि ताटली त्याच्यापुढे ठेवली. त्याने सगळे पोहे खाल्ले.

पुढच्या रविवारी वटारचा मित्र आला. हातात केळी होती, पण ती त्याने आईकडे न देता दारातच ठेवली, इतका तो तापला होता. "साडेनऊपर्यंत दार उघडं होतं! दोघं जण वीस मिनिटं उशिरा आले, त्यांना पण बसवलं. पत्रात ते नुसतं लिहायचं असतं रे. कोण पाळतं? साहेबाला मी काय तोंड दाखवू?" दादा ऐकून घेत होता. मित्राचा चहा तसाच राहिला. त्यानंतर तो आमच्याकडे पुन्हा आला नाही, आणि त्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही.

आईने त्याच संध्याकाळी स्टुलावर चढून घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटं पुढे केलं. दादाने बघितलं. रविवार होता, पण त्याने इंटरनेट लावलं नाही. मशीन त्याने काढली वगैरे नाहीत. नुसती लावायची बंद केली. आईने त्यांच्यावर जुनी लुगडी फाडून झाकणं घातली. एकदा, वर्षभराने असेल, तो बाहेर गेलेला असताना मी तिन्ही मशीन चालू केली. थोरला अर्धा तास मागे होता, मधला बराच पुढे, आणि धाकटा आपल्या त्या एक जानेवारीत. त्यांना एका वेळेवर आणायचं कसं ते मला येत नव्हतं. अख्खं वर्ष तो मला तेच सांगत होता. मी झाकणं पुन्हा घातली, आणि पुढे कधी तरी ती मशीन भंगारवाल्याकडे गेली.

दादाने नंतर कुठे अर्ज केला नाही. बिल्डिंगमधल्या दोन-चार पोरांना कॉम्प्युटर शिकवायचा, तेही पुढे बंद झालं. मनगटावरचं घड्याळ कपाटातच राहिलं. घरात त्याने वेळेबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही. मी कधी उगाच, बोलायला काही तरी म्हणून विचारलं, "दादा, किती वाजले?" तर तो म्हणे, "भिंतीवर बघ."

आई मात्र येईल-जाईल त्याला ती गोष्ट सांगायची. पाहुणे, शेजारी, देवळातल्या बायका. "चांगली नोकरी चालून आली हुती. पर ह्येनं घड्याळाच्या नादापायी घालवली. आपणच घड्याळ फिरवलं आन् आपणच फसला. कुणाला सांगितलं बी न्हाई." दादा तिथेच बसलेला असायचा. मीही असायचो. प्रत्येक वेळी मला वाटायचं की आता सांगावं. एकच तर वाक्य होतं, 'त्याने मला सांगितलं होतं.' ते वाक्य घशापर्यंत यायचं आणि मी पाहुण्यांना चहा हवा का म्हणून विचारायचो. पहिल्या महिन्यात ते सांगणं अवघड होतं, वर्षाने लाजिरवाणं झालं, आणि पुढे पुढे तर इतकी वर्षं का नाही सांगितलंस याचं उत्तर द्यावं लागेल म्हणूनच सांगता येईना. मी भित्रा माणूस आहे. हे लिहायलासुद्धा मला आईच्या जाण्याची वाट बघावी लागली.

आई गेली ती हेच खरं मानून, की तिचा थोरला मुलगा स्वतःच्या मूर्खपणाने बुडाला. आजारपणात एकदा माझा हात धरून म्हणाली, "तुझं मला काय न्हाई. तू शाणा हायेस. त्येच्याकडं बघ." मी मान हलवली.

तेरावा झाला, पाहुणे गेले. घरात आम्ही दोघंच उरलो. दादा बाल्कनीत बसला होता, पाय स्टुलावर, हातात पेपर. हॉलमध्ये घड्याळ आपलं पंधरा मिनिटं पुढे चाललेलं. मी दारात जाऊन उभा राहिलो.

"दादा," मी म्हटलं, "त्या बुधवारी तू मला सांगितलं होतंस. घड्याळ बरोबर केलंय म्हणून. मी ऐकलं नव्हतं. आणि आईला पुढे कधी सांगितलं नाही. आता सांगायला ती नाही."

तो पेपर वाचत होता.

"ऐकतोयस ना?" मी विचारलं.

"हं," तो म्हणाला, आणि त्याने पान उलटलं.